एक बिडी ओढेस्तोवर

माझ्या खोलीच्या दाराला कडी नव्हती. आतून नव्हती, बाहेरूनही नव्हती. जिथं ती असायला हवी तिथं चार भोकं होती, आणि तीही लाकडाचा भुसा भरून नीट बुजवलेली. म्हणजे कडी तुटलेली नव्हती, कुणीतरी काढून टाकली होती. मी पिशवी तशीच खांद्याला ठेवून न्हाणीघर बघायला गेले. तिथंही तीच चार भोकं!

"अहो, न्हाणीघराला कडी नाही?" मी जवळजवळ किंचाळलेच.

"न्हाय," मालक शांतपणे म्हणाले. "कोठीत कुठंच न्हाय. भायेरच्या फाटकाला हाय तेवढी. जनावरं घुसत्यात म्हणून."

"आणि बाईमाणसानं आंघोळ कशी करायची?"

"गाणं म्हणत करायची. आत कुणी हाय हे बी कळतंय, आन् ठीक हाय हे बी कळतंय."

मी तिथल्या तिथं परत फिरणार होते. पण भूमला जाणारी वडाप जीप निघून गेली होती, आणि पुढच्या तीन आठवड्यांचं मी आधीच कबूल करून बसले होते. शिवाय मला राग आला की मी हट्टाने तिथंच बसते, हा माझा जुना दुर्गुण.

ही गोष्ट चार वर्षांपूर्वीची. भूमपासून आठ-नऊ किलोमीटरवर, माळाच्या अंगाला, ही दगडी कोठी. निजामाच्या काळात मालकांच्या पणजोबांनी गावात न राहता भर शेतात बांधलेली. दीड हात रुंदीच्या भिंती, वर एक माडी, पुढं फरसबंद अंगण. माझ्या भाचीने ती इंटरनेटवर शोधून काढली. 'ऐतिहासिक शेतघर, ज्वारीच्या रानात मुक्काम, संपूर्ण शांतता.' त्या शेवटच्या दोन शब्दांवर मी भाळले. पुण्यात आमच्या शेजारची इमारत पाडून नवी बांधायचं काम सहा महिने चाललं होतं. सकाळी आठला ब्रेकर सुरू व्हायचा तो संध्याकाळी माझ्या डोक्यातच बंद व्हायचा.

आणि दुसरा आवाज फोनचा. तो माझ्या धाकट्या बहिणीचा, बेबीचा. बेबीचं वय पन्नास, पण आमच्याकडं ती बेबीच. लातूरला एकटी राहते. नवरा गेला, मुलगा बंगळूरला, आणि साखरेचा असा आजार की दिवसातून दोनदा पोटात सुई टोचून घ्यायची. तिने आईचा पितळी डबा, ज्यात आई आयुष्यभर तिळाचे लाडू ठेवायची तो डबा, मला न विचारता बोहारणीला देऊन स्टीलचा कुकर घेतला. मला हे कळलं तेव्हा मी एक शब्दही बोलले नाही. नंतरही बोलले नाही. तीन महिने बोलले नाही! रोज सकाळी नऊला तिचा फोन यायचा. मी तो वाजू द्यायचे आणि स्क्रीनवरचं तिचं नाव विझेपर्यंत बघत राहायचे. खरं सांगते, मला त्यात बरं वाटायचं.

तर अशी मी शांततेच्या शोधात कोठीवर आले, आणि पहिल्याच संध्याकाळी अंगणातून आवाज आला.

"पुणंऽ! ओ पुणंऽ!"

मी खाटेवर उठून बसले. कोण कुणाला हाक मारतंय? पुन्हा आवाज, आधीपेक्षा मोठा. तिसऱ्या हाकेला मालक दार ढकलून थेट आत! हातात दोरीला टांगलेली पेटती चिमणी.

"ओ द्या की," ते म्हणाले.

"मला हाक मारत होता तुम्ही?"

"मंग? पुण्याहून तुमीच आलाव ना? हितं एकच नियम हाय बाई. जेवायचं तवा जेवा, निजायचं तवा निजा, चार दिवस निजला तरी आमचं काय म्हणणं न्हाय. पर हाक मारली की ओ द्यायचा. दिवसातून सात बारी मारणार."

सात! मला वाटलं चेष्टा करताहेत. नव्हते करत. पहाटे एक, आंघोळीच्या वेळेला एक, न्याहारीनंतर, दुपारी, ऊन उतरल्यावर, दिवेलागणीला आणि निजायच्या आधी. पाहुण्यांची नावं ते लक्षात ठेवत नसत, गावं ठेवत. कुणी 'सोलापूर', कुणी 'नांदेड', मुंबईचे दोन जण एकाच वेळी आले तर 'ममई थोरली' आणि 'ममई धाकली'. संपूर्ण शांततेची जाहिरात करून माणसाला दिवसातून सात वेळा कोकलून उठवणारा हा पहिलाच मालक मी बघितला.

दिसायला उंच, काटक, सत्तरी ओलांडलेले. पांढरं धोतर, कोपरी, आणि उजव्या कानावर कायम एक बिडी. ती बिडी ते कधी ओढत नसत. दर दोन-तीन दिवसांनी जुनी चुरगळली की नवी ठेवत. मी तिथं असतानाच एका पाहुण्याने आपुलकीने लायटर पेटवून त्यांच्यापुढं धरला. मालक असे मागं सरकले की खुर्चीसकट पडता पडता वाचले. पाहुणा बिचारा "सॉरी, सॉरी" करत राहिला आणि मालक त्या दिवशी जेवलेच नाहीत.

आणि ती चिमणी! बंद असलेल्या कुठल्याही जागेत जायच्या आधी ते दोरीला बांधलेली चिमणी पुढं सोडत. सामानाची खोली उघडली की आधी चिमणी. रिकाम्या हौदात उतरायचं तर आधी चिमणी. एकदा तर माझ्या डोळ्यांदेखत लाकडी कपाट उघडून आत चिमणी धरली, ज्योत बघितली आणि मग हात घालून पांघरूण काढलं. मी तोंडावर हात ठेवून हसू दाबलं.

स्वयंपाकाला ज्या बाई होत्या त्यांना सगळे खाला, म्हणजे मावशी, म्हणायचे. जवळच्याच वस्तीवरच्या, साठीच्या, कोठीवर त्यांची हयात गेलेली. ज्वारीची भाकरी अशी पातळ थापायच्या की मी पुण्यात कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल. मी त्यांना विचारलं, "खाला, हे मालक असे का वागतात?"

"काय को पूछते बाई," त्या तव्यावरची भाकरी उलथत म्हणाल्या. "हाक मारली की ओ देव. तुमारं काय जातंय? माझा जन्म गेला ओ देण्यात."

त्यांच्याकडूनच मला मौनी पाहुण्याची हकिगत कळली. सोलापूरचे एक वकील दहा दिवसांचं मौन घेऊन आले होते. गळ्यात पाटी, 'माझे मौन आहे'. मालकांनी पाटी वाचली, वकिलांची पिशवी उचलली आणि फाटकाबाहेर नेऊन ठेवली. वकील पाटीच्या मागच्या बाजूला भराभरा लिहून दाखवताहेत, माझा हक्क आहे, मी पैसे भरलेत, आणि मालक म्हणताहेत, "मौन घरी करा. ज्यांला तुमचं काय वाटत न्हाय त्यांच्यात करा. माझ्या छपराखाली मुका माणूस चालायचा न्हाय." शेवटी वकिलांनी मौन मोडून त्यांना यथेच्छ शिव्या दिल्या. मालक एकदम खुश. म्हणाले, "आता कसं! या आत." वकील काही परत आत आले नाहीत.

मी हसून लोळले. पण दिवसेंदिवस माझंही डोकं तापायला लागलं होतं. दुपारी पुस्तक वाचता वाचता डोळा लागावा आणि "पुणंऽ!" आंघोळीला अंगावर पहिला तांब्या घ्यावा आणि "पुणंऽ!" मी ओ म्हणायचे, पण दात खाऊन. एकदा त्यांना तोंडावर विचारलं, "मालक, मी ओ दिला नाही तर काय आभाळ कोसळणार आहे?"

त्यांनी कानावरची बिडी काढून बोटांत फिरवली आणि परत कानावर ठेवून निघून गेले. मला वाटलं, म्हातारा निरुत्तर झाला.

अंगणात फरशीमध्ये तीन गोल दगडी झाकणं होती. ती पेवं. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार. तोंड एका माणसापुरतं, आत उतरलं की खोलीएवढं पोट. आतून कडबा लावून ज्वारी भरायची, वर दगड ठेवून लिंपून टाकायचं, वर्षानुवर्षं दाणा टिकायचा. हुरड्याच्या दिवसांत येणाऱ्या पाहुण्यांना मालक दोन पेवं उघडून दाखवत, आत चिमणी सोडून, तोंडापासून चार हात लांब उभं करून. तिसऱ्यावर सिमेंट ओतलेलं होतं. त्याच्या शेजारी मालकांची बाज. उन्हाळा-पावसाळा ते तिथंच झोपतात, असं खाला म्हणाल्या. मी जरा नाक मुरडलं. एवढी मोठी कोठी असताना अंगणात कशाला!

फोनला रेंज फक्त हौदाच्या कठड्यावर यायची. मी रोज सकाळी तिथं जाऊन बेबीचे न उचललेले फोन मोजायचे. सहाव्या दिवसापासून ते यायचे बंद झाले. सातव्या दिवशी नाही, आठव्या दिवशी नाही. दमली शेवटी, मी मनात म्हटलं. जिंकल्याच्या आनंदात त्या दिवशी एक भाकरी जास्त खाल्ली.

आता दहाव्या दिवसाची सकाळ सांगते. हे सांगताना आजही माझी मान खाली जाते.

न्याहारी करून मी माडीवरच्या खोलीत पुस्तक घेऊन आडवी झाले होते. खालून हाक आली. "पुणंऽ!" त्या दिवशी का कोण जाणे, मी ठरवलं, नाही देत जा. ओरड किती ओरडायचंय ते. मी श्वास रोखून पडून राहिले. दुसरी हाक आली. मी उशीत तोंड खुपसून हसत होते. तिसऱ्या हाकेचा आवाज वेगळाच होता, फाटलेला. आणि मग काहीच नाही.

एका क्षणात जिना धडधडला. दार धाडकन भिंतीवर आपटलं. मी मान वर करेपर्यंत मालकांनी मला दोन्ही काखांत हात घालून खाटेवरून ओढलं होतं. पंचाहत्तरीच्या आसपासचा माणूस! मी "अहो सोडा! अहो काय करताय!" ओरडतेय, पाय झाडतेय, आणि त्यांना ऐकूच येत नाही. मला उंबऱ्यावरून फरफटत गच्चीवर उन्हात आणलं, पाठीवर उताणं टाकलं आणि माझ्या नाकाशी स्वतःचा कान आणून धरला. माझी टाच सोलवटली होती, चष्मा कुठंतरी पडला होता. मी इतकी हादरले होते की मला रडायलाही सुचेना.

मग त्यांना दिसलं, माझे डोळे उघडे आहेत.

"ऐकू आलं व्हतं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"तिन्ही हाका?"

"हो! मला बोलायचं नव्हतं!"

एखाद्याच्या कानफटात बसावी तसे ते मागं झाले. भिंतीला टेकून खाली बसले. खाला धापा टाकत वर आल्या, माझ्याकडं बघितलं, मालकांकडं बघितलं आणि कपाळावर हात मारला. "हे काय करून बसले बाई तुम! सगळं करायचं व्हतं, पर हे नक्को व्हतं!"

मी चिडले होते, पोलिसांत जाईन म्हणाले, सामान भरायला उठले. मालक म्हणाले, "जावा. पर जायच्या आदी खाली या. घटकाभर."

त्यांनी मला त्या सिमेंटच्या पेवापाशी नेलं. स्वतः बाजेवर बसले नाहीत. उभ्या उभ्या बोलले, माझ्याकडं न बघता.

"बहात्तरचं साल. गावात दाणा न्हवता, आमच्या पेवात व्हता. वडील म्हणले, उघडा, वाटून टाका. समदं गाव पोती घिऊन हितं हुबं. पेव उघडलं की एक दिस तसंच ठिवायचं असतंय बाई, आतली हवा जीव घेती. दिवा सोडून बगायचा. इझला तर उतरायचं न्हाय. पर माणसं घाई करत व्हती, लेकरं रडत व्हती. म्या दिवा सोडला. दोरी आखूड पडली. अर्ध्यापातूर गेला, जळत व्हता. म्हणलं, चला, बरं हाय.

"पेवात धाकला उतरायचा. माझा भाऊ. अंगानं बारीक. खालच्याच्या कमरेला दोर बांधायचा आन् वरच्यानं हाका मारत ऱ्हायचं. खालचा ओ देतो. ओ थांबला की वढायचं. आज्या-पणज्यापासूनची रीत हाय ही."

मला आता पुढचं कळत होतं आणि कळायला नको होतं.

"त्या साली आमचा अबोला व्हता. पोळ्याला म्या बैलाची शिंगं निळी रंगवली. त्याला तांबडी पायजे व्हती. बास. एवढंच! दीड महिना बोलला न्हाय माझ्यासंगं. म्या बी न्हाय. कमरेला दोर बांधाया गेलो तर हात झटकला आन् तसाच उतरला. म्या वरून हाक मारली. ओ न्हाय. म्हणलं, रुसलाय. दुसरी मारली. न्हाय. तिसरी म्या मारलीच न्हाय बाई. म्हणलं, तुला गरज आसंल तर तू बोल. कानावरची बिडी काढली, पेटवली आन् हितं, पेवाच्या तोंडावर बसून निवांत वढली. एक बिडी. शेवटपातूर."

खाला मागं उभ्या राहून पदराने डोळे पुसत होत्या.

"मंग वाकून बगितलं," मालक म्हणाले. "खाली बसल्यावानी दिसत व्हता. तवा बी मला वाटलं, रुसूनच बसलाय."

तीन महिने. मी तीन महिने फोन वाजू दिला होता. आणि पाच दिवस तो वाजलाच नव्हता. पाच दिवस! आणि मी भाकरी जास्त खाल्ली!

मी हौदाकडं पळत सुटले. अनवाणी, चष्म्याशिवाय. कठड्यावर चढून बेबीला फोन लावला. घंटा वाजत राहिली. कुणी उचललं नाही. परत लावला. वाजत राहिला. तिसऱ्यांदा लावला तर बंद! फोन बंद! एकटी बाई, पोटात सुया टोचून जगणारी, दोन खोल्यांत दार लावून बसलेली. तिच्या शेजाऱ्यांचा नंबर माझ्याकडं नव्हता. मी कधी घेतलाच नव्हता.

"कुठं असती?" मालकांचा आवाज मागून आला. माझ्या तोंडाकडं बघून त्यांना सगळं कळलं होतं.

"लातूरला. उचलत नाहीये. पाच दिवस..." मी शब्द जुळवत होते, जुळत नव्हते. "मालक, कदाचित ती रुसली असेल..."

"आसंल," ते म्हणाले. "बसा गाडीत."

त्यांची जुनी जीप एरवी बैलगाडीच्या वेगाने चालायची. त्या दिवशी त्यांनी ती अशी पळवली की मी दोन्ही हातांनी पुढचा दांडा धरून बसले. कळंबला बाजाराचा दिवस. रस्त्यात टोपल्या, शेळ्या, माणसं. मालक खिडकीतून अर्धे बाहेर येऊन ओरडत होते, "सरा! बाजूला सरा! माणूस हाय आत!" कळंबच्या पुढं उसाच्या जोडट्रॉल्यांची रांग. ते रस्ता सोडून कडेच्या चारीत उतरले आणि धुरळ्यातून पुढं निघाले. सगळ्या वाटेवर मी बेबीचा नंबर लावत होते आणि तीच बाई तेच सांगत होती, फोन बंद आहे. मालक एवढंच म्हणायचे, "परत लावा."

बेबी दुसऱ्या मजल्यावर राहते. मी जिना कसा चढले मला आठवत नाही. घंटा वाजवली. दार ठोकलं. "बेबी! अगं बेबी, मी आलेय, ताई!" आतून काही नाही. फक्त पंख्याचा आवाज. पंखा चालू होता! मी दारातच खाली बसले.

मालकांनी दाराकडं बघितलं. आतून लावलेल्या दाराकडं ते ज्या नजरेनं बघत होते ती मी विसरू शकत नाही.

"लातूरऽ!" त्यांनी हाक मारली. सगळा जिना दणाणला. "लातूरऽ!"

त्यांचा हात कानावरच्या बिडीकडं गेला आणि तसाच खाली आला.

"लातूरऽ!"

ओ नाही. ते दोन-दोन पायऱ्या उतरत खाली गेले आणि जीपमधली पहार घेऊन आले. मला बाजूला सारलं आणि एकच घाव घातला. कडी आतल्या आत तुटून फरशीवर खणकन पडली, दार उघडलं आणि समोर दोन हातांवर बेबी! उभी! गाऊन घातलेली, हातात उलथनं, डोळे वटारलेले.

"अगं बाई! दरोडा!" ती ओरडली. मग माझ्याकडं वळून, "दार मोडलंस माझं!"

"तू... तू आत होतीस? मगाशी ऐकू येत नव्हतं?"

"सगळं ऐकू येत होतं! भिंगातून बघत होते मी. तीन महिने माझा फोन उचलला नाहीस, आता ठोकत बस म्हटलं. कंटाळून पाच दिवसांपासून फोन करणं सोडलं, आणि आज तुझा आला तसा मीच बंद केला. मला नव्हतं बोलायचं!"

तेच शब्द. सकाळी मी बोलले तेच.

मी तिच्या थोबाडीत मारायला हात उचलला आणि त्याच हाताने तिला गळ्याशी धरलं. आम्ही दोघी रडत होतो, एकमेकींना शिव्या देत होतो. रडता रडता ती म्हणत होती, "मी त्या बोहारणीच्या घरी जाऊन आले तीनदा. रोज तेच सांगायला फोन करत होते. डबा मोडीत गेला गं. झाकण तेवढं मिळालं." फडताळात आईच्या डब्याचं झाकण होतं, घासून लख्ख केलेलं.

बऱ्याच वेळाने मला मालकांची आठवण झाली. ते उंबऱ्याबाहेर पहारीवर दोन्ही हात ठेवून उभे होते, आणि बेबीकडं एकटक बघत होते.

"रुसली व्हती," ते म्हणाले. स्वतःशीच. मग बेबीला, "नुसती रुसली व्हती व्हय तुमी?"

"हो," बेबी बावरून म्हणाली. "तुम्ही कोण?"

ते उत्तर न देता हसायला लागले. मी दहा दिवसांत त्यांना हसताना बघितलं नव्हतं. हसता हसता डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, ते त्यांनी पुसलंही नाही. "नुसतं रुसनं बी असतंय की," असं दोन-तीनदा म्हणाले. मग कानावर हात नेला, बिडी काढली आणि बेबीला म्हणाले, "काडीपेटी हाय का घरात?"

मी काही बोलायच्या आत बेबीने आणून दिली. त्यांनी काडी ओढली. ज्योत जरा वेळ बघितली, चिमणीची बघत तशी. बिडी पेटवली, एक झुरका घेतला आणि असे खोकले, असे खोकले की जिन्यातली दोन दारं उघडली. बिडी पायरीवर चिरडून टाकली.

"लई कडू लागती," ते म्हणाले. "कशापायी वढत व्हतो कुणास ठावं."

पाणी प्यायले, जेवायला थांबा म्हटलं तर नाही म्हणाले, कोठीवर खाला एकट्या आहेत. फरशीवरची तुटलेली कडी उचलून कोपरीच्या खिशात घातली. "ही परत लावू नका," बेबीला बजावलं आणि खाली गेले.

आम्ही दोघी खिडकीत उभ्या राहिलो. जीप सुरू झाली, थोडी पुढं गेली आणि थांबली. मालकांनी डोकं बाहेर काढलं.

"पुणंऽ!"

"ओ!" मी जीव खाऊन ओरडले.

"लातूरऽ!"

बेबी माझ्याकडं बघायला लागली. समोरच्या इमारतीतली माणसं गॅलरीत आली होती. मी तिला कोपराने ढोसलं.

"दे की, बये. तो जायचा नाही नाहीतर."

बेबीने खिडकीचे गज धरले.

"ओऽ!"

तेव्हा कुठं जीप हलली.